कुंपणातलं काळवीट आणि अकरा वर्षांचा मुलगा

पत्र:

"आम्ही नऊ वर्षांपासून सॅन अँटोनियोत राहतो. मुलगा अकरा वर्षांचा आहे. नवऱ्याचे ऑफिसातले वरिष्ठ आमचे चांगले स्नेही आहेत, घरी येणं-जाणं आहे. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ते नातवाला टेक्सासच्या हिल कंट्री या टेकड्यांच्या भागातल्या एका रँचवर शिकारीला नेणार आहेत आणि आमच्या मुलालाही सोबत नेतो म्हणतात. मी रँचची वेबसाइट उघडून बघितली. तिथे प्राण्यांचं चक्क दरपत्रक आहे. चितळ, नीलगाय, काळवीट, प्रत्येकापुढे डॉलरचा आकडा आणि वर 'शिकार मिळाली नाही तर पैसे नाहीत' अशी हमी. मुलासाठी काळवीट ठरलंय, खर्च तेच करणार आहेत. मुलगा नुसता उड्या मारतोय. नवरा म्हणतो, 'रविवारी मटण खातेस, मग इथेच कशी दया येते? इथली सगळी मुलं जातात. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनीही लहानपणी बंदुकीने चिमणी मारली होती, पुढे ते कोण झाले बघ.' यावर मला बोलता येत नाही. मी इथे राहून अजून तिकडच्याच नजरेने बघतेय का? अडवलं तर मुलगा एकटा पडेल का? की शिकारीचा प्रश्न वेगळा आणि हा प्रकार वेगळा?
– एक आई"

उत्तर:

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्नच खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर 'हो, वेगळा' असं आहे. शिकार करावी की नाही यावर माणसं पिढ्यानपिढ्या भांडत आली आहेत, पुढेही भांडतील. पण तुमच्या मुलाला जिथे न्यायचं घाटतंय तिथलं काम मुरलेल्या शिकाऱ्यांनाही मान्य नसतं. त्याला तिथे पाठवू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला अंदाज बांधत बसायला नको. मात्र नकाराची कारणं तुमच्याजवळ पक्की हवीत. "मला कसंतरी होतं" एवढ्यावर नवरा गप्प बसणार नाही, आणि मुलगा तर नाहीच नाही.

आधी त्या दिवशी तिथे काय होईल ते बघू. अशा रँचला साधारण आठ फूट उंच जाळीचं कुंपण असतं. आत ठरावीक जागी तीन पायांच्या घोडीवर मक्याचं पिंप बसवलेलं असतं आणि पिंपाच्या तळाशी टायमरवर चालणारी चकती. रोज सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी ती गरगर फिरते आणि मका चौफेर उधळते. जनावरांना त्या घरघरीची इतकी सवय होते की आवाज आला की ती आपण होऊन गोळा होतात. थोड्या अंतरावर एक बंद खोपटं, त्याला खिडक्या, आत खुर्च्या. काही ठिकाणी खोपट्याऐवजी उघड्या गाडीतून फिरवतात. मुलाला रायफल पेलत नसेल तर ती स्टँडवर टेकवून देतील. शेजारचा गाइड दुर्बिणीतून बघून "डावीकडून दुसरा" असं सांगेल, कारण कुठल्या जनावराचे पैसे ठरलेत ते त्याला ठाऊक असतं. डोक्यावर नेम धरू नकोस असंही बजावलं जाईल, कारण डोकं भिंतीवर लावायचं असतं. गोळी खांद्याच्या मागे मारायची. ती अगदी नीट लागली तरी जनावर बऱ्याचदा जागच्या जागी पडत नाही. पन्नास-शंभर पावलं धावतं आणि मग कोसळतं. नीट लागली नाही तर काय, ते दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात शोधा. अशा ठिकाणी सर्रास नियम असतो की रक्त दिसलं की पैसे द्यायचे, जनावर सापडो वा न सापडो. ती ओळ नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा.

आता काळविटाकडे बघा. हा प्राणी उघड्या माळावरचा. त्याला ना नखं, ना दाट झाडीचा आडोसा. लांबवरचं बघणारे डोळे आणि ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास जाणारा वेग, एवढ्याच भांडवलावर तो जगत आला. एकाने उंच उडी मारली की सगळा कळप सावध होतो आणि बघता बघता दिसेनासा होतो. जाळीच्या आत तो धावतो, पण धावून पोचणार कुठे? माणसाला घाबरून दूर राहण्याची उपजत बुद्धीही मक्याच्या पिंपाने हळूहळू काढून घेतलेली असते. म्हणजे शिकारीत जी एक गोष्ट जनावराच्या बाजूने असायला हवी, निसटून जाण्याची शक्यता, ती इथे आधीच विकत घेतलेली असते. दरपत्रकावरची हमी म्हणजे नेमकं हेच. म्हणून मला या प्रकाराचा राग येतो.

तुम्ही 'तिकडच्या नजरेने' बघताय का? अजिबात नाही. हा आक्षेप अमेरिकेतच जन्मला आणि तोही शिकाऱ्यांच्या तोंडून. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये काही मित्रांसह बून अँड क्रॉकेट क्लब काढला. शिकारीत जनावराला सुटण्याची खरी संधी असली पाहिजे, हा या क्लबचा पाया. ज्या कुंपणातून जनावराला बाहेर पडता येत नाही तिथे मारलेल्या जनावराची नोंद हा क्लब आपल्या विक्रमांत आजही घेत नाही. रूझवेल्ट काही मऊ मनाचे गृहस्थ नव्हते. १९०९ च्या आफ्रिका मोहिमेत त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून पाचशेहून जास्त प्राणी मारले. पण नोव्हेंबर १९०२ मध्ये मिसिसिपीत त्यांना अस्वल मिळेना, तेव्हा वाटाड्या होल्ट कॉलियरने कुत्र्यांच्या मदतीने एक अस्वल पकडलं, झाडाला बांधलं आणि अध्यक्षांना गोळी घालायला बोलावलं. रूझवेल्ट यांनी साफ नकार दिला. वर्तमानपत्रात त्यावर क्लिफर्ड बेरीमनचं व्यंगचित्र आलं आणि त्यातूनच टेडी बेअर नावाचं खेळणं निघालं. सहसा सांगितला जात नाही तो भाग असा, की ते अस्वल वाचलं नाही. पकडताना ते इतकं जखमी झालं होतं की त्याला यातनांतून सोडवा, असं रूझवेल्ट यांनीच सांगितलं आणि त्याला सुरीने मारण्यात आलं. मला ही गोष्ट तिच्या या शेवटासकट महत्त्वाची वाटते. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडण्याचा मान त्यांनी नाकारला, पण त्यांच्यासाठी झालेल्या दुखापतीची जबाबदारी झटकली नाही. तुमच्या मुलाला कुणी शिकारीचे धडे देणारच असेल तर हे दोन धडे द्यावेत.

उलट, आपल्याकडे सगळे अहिंसेचे पुजारी होते असंही समजू नका. कोल्हापूर दरबारी काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. भरतपूरच्या पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या पाहुणचारासाठी शिकार ठेवली होती. एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले आणि तो आकडा अभिमानाने दगडावर कोरून ठेवला. कायद्याने शिकार बंद झाली ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर. तेव्हा प्रश्न देशांचा नाही. मोठ्या माणसाची मर्जी राखायला जनावर समोर आणून उभं करायचं, ही दरबारी रीत आहे आणि ती कुठेही आढळते. पैसे मोजणारा गिऱ्हाईक हाच आता तो मोठा माणूस.

खुद्द टेक्सासलाही यात कुठेतरी रेघ ओढावी लागली. २००५ मध्ये तिथे एकाने अशी सोय काढली की घरबसल्या संगणकावर बटण दाबायचं आणि दूरच्या रँचवर लावलेली रायफल कुंपणातल्या जनावरावर चालवायची. त्याच वर्षी राज्याने त्यावर बंदी घातली, पाठोपाठ इतर अनेक राज्यांनीही घातली. बंदिवासातले सिंह, वाघ, अस्वल, हत्ती असे प्राणी मारण्यासाठी पुढे करणं टेक्सासच्या कायद्याने गुन्हा आहे. बाहेरून आणलेली हरणं आणि काळविटं मात्र या रेघेच्या पलीकडे राहिली. १९३० च्या दशकापासून चितळ, काळवीट, नीलगाय तिथल्या खासगी जमिनींवर आहेत. त्यांच्यासाठी ना शिकारीचा हंगाम, ना संख्येची मर्यादा. परवाना आणि जमीनमालकाची परवानगी असली की झालं. मोंटानात मात्र २००० साली मतदारांनी कौल देऊन, पैसे घेऊन कुंपणातली जनावरं मारू देण्याचा धंदा बंद केला. ते राज्य शिकाऱ्यांनी भरलेलं आहे, हे नवऱ्याला आवर्जून सांगा. नॉर्थ डकोटात २०१० मध्ये अशीच बंदी मतदानात नापास झाली, हेही त्याच दमात सांगा, म्हणजे तुम्ही सोयीचं तेवढं उचलताय असं त्याला वाटणार नाही.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण थोडक्यात देते, कारण त्यात मुलं येतात. तिथे पिंजऱ्यात सिंहांची पैदास होते. छावे आईपासून लवकर तोडले जातात, पर्यटकांची मुलं त्यांना बाटलीने दूध पाजतात, फोटो काढतात. मोठे झाले की यातलेच अनेक सिंह कुंपणाच्या आत पैसेवाल्या शिकाऱ्यापुढे सोडले जातात. माणसाच्या हातून दूध प्यायलेलं जनावर माणूस दिसला म्हणून पळत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेने अशा सिंहांची मुंडकी आणि कातडी देशात आणणं थांबवलं. २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनेही ही पैदास बंद करण्याचं धोरण जाहीर केलं.

आता दुसरी बाजू, कारण ती पोकळ नाही. रँचवाले म्हणतात, आम्ही हे प्राणी सांभाळले म्हणून ते उरले. सिमिटर ओरिक्स नावाचा सहारातला एक प्राणी २००० साली रानातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा टेक्सासच्या रँचवर त्याचे मोठे कळप होते. २०१६ पासून जगभरच्या बंदिस्त कळपांमधून वाढवलेले ओरिक्स चाडमध्ये पुन्हा सोडले गेले आणि २०२३ मध्ये त्यांची नोंद 'रानातून नामशेष'वरून 'धोक्यात' अशी सुधारली. हे खरं आहे, आणि शिकारीच्या पैशावाचून त्या रँचवर एवढे ओरिक्स कुणी पोसले नसते, हेही खरं असू शकतं. शिवाय बंदुका आणि गोळ्यांवरचा कर १९३७ च्या कायद्याने अमेरिकेत वन्यजीवांसाठी राखून ठेवला गेला आणि त्यातून आजवर अमाप पैसा उभा राहिला आहे. शिकारी हा निसर्गाचा शत्रूच, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सगळी रँच सारखी नसतात, हेही कबूल. हजारो एकरांवर पसरलेल्या रँचवर काळवीट दिवसभर दिसणारही नाही. पण हा सगळा युक्तिवाद त्या जातीबद्दल आहे. अकरा वर्षांच्या मुलाने मक्यावर आलेल्या जनावराला गोळी का घालावी, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. आणि कुंपणांचं ओझं बाहेरच्या रानालाही सोसावं लागतं. हरणांचा मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत कोंडलेल्या हरणांत पहिल्यांदा लक्षात आला. टेक्सासमध्ये २०१५ साली तो हरणांची पैदास करणाऱ्या एका केंद्रात सापडला. जनावरं एका कुंपणातून दुसऱ्यात नेली-आणली की असे रोगही सोबत प्रवास करतात.

मटणाचा मुद्दा नवऱ्याने बिनतोड काढलाय आणि तो टाळून चालणार नाही. दुकानातल्या कोंबडीचं आयुष्य रँचवरच्या काळविटापेक्षा बहुधा वाईटच गेलेलं असतं. ते मान्य करा. पण मग त्याला विचारा, सुट्टीची मजा म्हणून आपण मुलाला कधी कत्तलखान्यात नेलं का? बकऱ्याचं मुंडकं दिवाणखान्यात लावलं का? त्या रँचवर विकलं जातं ते मांस नसतं. मांस हवं असतं तर एवढे डॉलर कुणी मोजले नसते. विकला जातो तो मारण्याचा क्षण, त्यानंतरचा फोटो आणि मग आयुष्यभर सांगायची कहाणी. हवं तर त्याला एक अट सुचवून बघा. फोटो नाही, मुंडकं नाही, फक्त मांस घरी आणायचं आणि सोलण्याकापण्याला मुलाने हातभार लावायचा. एवढं मान्य करूनही तो याच रँचसाठी आग्रही राहतो का, ते कळेल. आणि हा मुद्दा तुमच्याकडेही वळतो. मटण कुठून येतं, जनावर कसं वाढलं, हे तुम्ही कधी मुलाशी बोललात का? बोलला नसाल तर आता बोला. दयेचा हिशेब फक्त देखण्या प्राण्यांपुरता ठेवला तर मुलाच्या ते लगेच लक्षात येईल.

त्या कहाणीबद्दल आणखी थोडं बोलायला हवं, कारण माझ्या मते मुलाचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे आहे. २००४ मध्ये ट्रॉय जेंट्री या अमेरिकेतल्या नावाजलेल्या गायकाने मिनेसोटात कुंपणात पाळलेलं 'कबी' नावाचं अस्वल बाणाने मारलं. त्याची चित्रफीत अशी कापून-जोडून तयार केली की अस्वल रानातलं वाटावं, आणि सरकारी नोंदही रानातलं अस्वल म्हणूनच केली. २००६ मध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, पंधरा हजार डॉलरचा दंड झाला. एका प्रौढ, यशस्वी माणसाला जर कुंपण झाकावंसं वाटलं तर अकरा वर्षांचा मुलगा शाळेत जाऊन वेगळं काय करणार? फोटोत पिंप दिसणार नाही, जाळी दिसणार नाही. दिसेल तो मुलगा, रायफल आणि शिंगं धरून वर उचललेली मान. सगळे पाठ थोपटतील आणि ती शाबासकी आपण कमावलेली नाही हे त्याला आतून माहीत असेल. नाहीतर कालांतराने तेही माहीत नसेल. मला या दुसऱ्या शक्यतेची जास्त भीती वाटते.

सलीम अलींची गोष्ट मात्र अर्धीच सांगितली गेलीय. दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली, हे खरं. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि ही नेहमीची चिमणी नव्हे, असं त्यांना वाटलं. मामांनी त्यांना मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेकडे पाठवलं. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला हाकललं नाही, पक्षी ओळखून दिला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. सलीम अली घडले ते त्या कप्प्यांपुढे. चिमणी मोकळी होती, तिच्या जिवाची हमी कुणी विकलेली नव्हती, आणि मुलाच्या मनात फोटो नव्हता, प्रश्न होता. पुढे अभ्यासासाठी त्यांनी बंदुकीने पक्षी मिळवले, तेही लपवायचं कारण नाही. नवऱ्याला एवढंच विचारा की त्या रँचवर मिलार्ड यांच्या जागी कोण असणार आहे.

"इथली सगळी मुलं जातात" हे तर सरळसरळ चुकीचं आहे. २०१६ च्या सरकारी पाहणीत अमेरिकेत सोळा वर्षांवरचे शिकारी १ कोटी १५ लाख होते, म्हणजे शंभरात पाचही नव्हते. त्याच्या पाच वर्षं आधी ते १ कोटी ३७ लाख होते. हा आकडा घसरत होता म्हणूनच मुलांना लवकर ओढायची घाई सुरू झाली. विस्कॉन्सिनने २०१७ मध्ये मोठ्यांसोबतच्या शिकारीसाठी वयाची किमान अटच काढून टाकली. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्यांचा परवाना जेमतेम सात डॉलरचा आहे, आणि शिकार शिक्षणाचा अभ्यासक्रम नऊव्या वर्षापासून पूर्ण करता येतो. तो केला नसेल तर परवानाधारक मोठ्या माणसाने सोबत राहायचं. कायदा एवढंच बघतो. मुलाला खरोखर काय हवंय हे कायदा विचारत नाही, ते तुम्हालाच विचारावं लागेल.

वय किती असावं, याचं मी एका आकड्यात उत्तर देणार नाही. माझी कसोटी अशी: ट्रिगरवर बोट असताना, सगळी मोठी माणसं श्वास रोखून बघत असताना, हे मूल "मला नको" म्हणू शकेल का? आणि म्हटलं तर कुणी हसणार नाही, पुढच्या जेवणात विषय काढणार नाही, याची खात्री आहे का? वडिलांचे साहेब, त्यांचा नातू आणि आधीच भरलेले पैसे. या तिघांपुढे तुमचा अकरा वर्षांचा मुलगा 'नको' म्हणेल असं मला वाटत नाही. काही गटांत पहिल्या शिकारीचं रक्त मुलाच्या चेहऱ्याला फासायची रीत असते. यांच्यात ती आहे का, एवढं जरूर विचारून घ्या.

मुलाशी बोलताना प्रवचन नको. आधी त्याला विचारा, यातलं नक्की काय आवडतंय. मला वाटतं बंदूक, मित्र, तंबू, मोठ्यांमध्ये गणना, यांतलंच काहीतरी निघेल. मारण्याचा नंबर बराच खाली असेल. मग त्याला पिंप, चकती, जाळी, दरपत्रक सगळं जसंच्या तसं सांगा, आवाजात दया न आणता. वेबसाइट दोघांनी मिळून बघा. तो बराच वेळ गप्प राहिला तर राहू द्या. त्यानंतरही "मला जायचंय" म्हणाला तर त्याच्यावर रागावू नका, आणि निर्णय त्याच्या अंगावर टाकूनही देऊ नका. "हा निर्णय आमचा आहे, नाही म्हणतोय ते आम्ही" असं आई-वडिलांनी मिळून सांगायचं. तो रुसेल, दोन दिवस बोलणार नाही. ते सोसायचं. पुढे पंधरा-सोळाव्या वर्षी त्याला मोकळ्या रानात, हंगामात, जाणत्या माणसाबरोबर शिकार शिकावीशी वाटली तर त्या वेळी पुन्हा बोलू, असं म्हणायला तुमची तयारी असेल तर जरूर म्हणा. नसेल तर खोटं आश्वासन देऊ नका. तेव्हाही अनेकदा रिकाम्या हाताने परत यायची तयारी त्याच्यात आहे का, हे मी आधी बघेन.

पर्याय मात्र हातात ठेवूनच बोला. नेमबाजी शिकायची हौस रास्त आहे. रेंजवर कागदी लक्ष्यावर, कानाला-डोळ्याला संरक्षण लावून त्याला शिकू द्या. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळी कुणाच्या दिशेने न्यायची नाही, नेम पक्का होईपर्यंत बोट ट्रिगरपासून दूर ठेवायचं आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते बघायचं, हे नियम टेक्सासमध्ये वाढणाऱ्या मुलाला यायलाच हवेत. अनेक मित्रांच्या घरी बंदुका असतात. आणि सुट्टीतली सहल हवी असेल तर गाडीने आग्नेयेला समुद्राकडे अरान्सासला जा. १९३७ पासून तिथे अभयारण्य आहे आणि थँक्सगिव्हिंगच्या सुमारास कॅनडातून हूपिंग क्रेन आलेले असतात. माणसाएवढे उंच, पांढरेशुभ्र क्रौंच. बेछूट शिकार आणि आटत गेलेल्या पाणथळी यांमुळे १९४१ च्या सुमारास ते सगळे मिळून वीस-बावीसच उरले होते. आज अरान्सासला येणारा थवाच पाचशेच्या वर गेलाय. पहाटे दुर्बीण मुलाच्या हातात द्या आणि पहिला पक्षी त्यालाच शोधू द्या. दिसेलच अशी हमी तिथे कुणी देत नाही, त्यामुळे वेळ भरपूर ठेवा.

साहेबांशी बोलण्याची तुम्हाला धास्ती वाटते, ती पत्रात जाणवली. शिकारी कुटुंबांत वाढलेली माणसं बहुधा स्पष्ट बोलण्याचा मान ठेवतात. त्यांना अस्वस्थ करतं ते आयत्या वेळचं आजारपण आणि गोलमोल बहाणे. "तुम्ही त्याला आपल्यात घेतलंत याचा आम्हाला आनंद आहे. कुंपणातलं जनावर त्याने मारावं हे मात्र आम्हाला पटत नाही. त्याला रेंजवर नेमबाजी शिकवाल का?" एवढं पुरे. त्यांना आवडलं तर ते हौसेने शिकवतील आणि दोन्ही मुलांची सोबतही टिकेल. हे नवऱ्याने सांगावं, तुम्ही नव्हे. नाहीतर 'बायको घाबरते' एवढाच निरोप पोचेल आणि मुलाच्याही कानावर तेच पडेल. त्यासाठी आधी तुमचं दोघांचं नीट बोलणं व्हायला हवं, मुलगा झोपल्यावर, ते दरपत्रक समोर ठेवून. अशा ठिकाणी बुकिंगची रक्कम आगाऊ घेतात आणि ती सहसा परत देत नाहीत. साहेबांनी ती भरण्याआधी, म्हणजे याच आठवड्यात, त्यांना फोन जाऊ द्या.